दारफाळणीचा सण

१

हनामावशीच्या नखांत हिरवा रंग होता.

सुचित्रा रोहेकर काडीने एकेक नख साफ करत होती. मेलेल्या माणसाला शेवटची आंघोळ घालताना नखात कणभरही मळ राहू द्यायचा नाही, पाणी सगळीकडे पोचलं पाहिजे, ही ज्यू लोकांची जुनी रीत. बाईला बाईनेच न्हाऊ घालायचं. परळ-लालबागकडच्या बेने इस्राएल घरांत हे काम करणाऱ्या बायका आता फारशा उरल्या नव्हत्या, आणि सुचित्रा त्यांत सगळ्यांत पुढे असे. परळच्या एका इस्पितळात सिस्टर म्हणून उभा जन्म गेल्यावर मेलेल्या देहाची भीती कसली? शिवाय ही परकी नव्हती. हना वाकरूळकर म्हणजे सुचित्राच्या आईची मैत्रीण. सुचित्राला शिवण शिकवणारी, मटणाच्या रश्शात नारळाचं दूध किती घालायचं ते शिकवणारी.

उजव्या हाताची तीन नखं मुळापर्यंत तुटली होती. बाकीच्यांत रंगाचे टवके रुतले होते.

मावशीचं दार हिरवं होतं. नव्या वर्षाच्या सणाआधी, म्हणजे दहा-बारा दिवसांपूर्वीच, तिने ते रंगवून घेतलं होतं.

सगळ्यांना सांगण्यात आलं होतं ते असं: शुक्रवारी संध्याकाळी मावशीला दम्याचा झटका आला. एकटीच होती. मदत मागायला दाराकडे निघाली, पण कडीपर्यंत पोचलीच नाही, वाटेतच कोसळली. शनिवारी सकाळी शेजारणीला दिसली. गल्लीतल्या डॉक्टरने दाखला दिला. शब्बाथला, शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या पवित्र विश्रांतीत, दफन करत नाहीत म्हणून रविवारची सकाळ धरली होती.

कडीपर्यंत पोचली नाही म्हणे. सुचित्राने तो सुरकुतलेला हात आपल्या हातात धरला. ही बाई दारापर्यंत पोचली होती. तिने दार ओरबाडलं होतं, नखं तुटेपर्यंत. आणि दार उघडलं नव्हतं.

सुचित्राने ते टवके एका पांढऱ्या चिंधीत बांधले, देहावर चादर ओढली आणि कब्रस्तानातल्या त्या खोलीतून बाहेर येऊन सांगितलं की आज दफन होणार नाही.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. सिनेगॉगचे सगळ्यांत वयस्क सभासद सॅमसनकाका म्हणाले की आपल्यात देह चिरत नाहीत, मेलेल्याला ताटकळत ठेवत नाहीत, आणि आज सूर्य मावळला की योम किप्पूरचा, प्रायश्चित्ताचा उपास लागतो; म्हणजे दफन थेट मंगळवारवर जाईल. मावशीची भाची मेघना नुसती रडत होती. तिचा नवरा रूबेन एलियास फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे झाडाखाली उभा होता. रूबेन कोहेन, म्हणजे पुरोहितांच्या वंशातला. त्याचे वडील कोचीहून आलेले. बेने इस्राएलांत कोहेन शोधूनही सापडत नाही, त्यामुळे परळच्या सिनेगॉगमध्ये हात उचलून आशीर्वाद देणारा तो एकटाच, आणि कमिटीचा अध्यक्षही तोच. कोहेनाने मृतदेहाजवळ जायचं नसतं, म्हणून कोणाच्याही दफनाला तो असाच रस्त्यावर थांबायचा. तिथून त्याने निरोप पाठवला: सुचित्राताईंना सांगा, मावशीच्या देहाची विटंबना करू नका.

"विटंबना कोणी केलीय ते शोधायचंय," सुचित्रा म्हणाली. "आणि काका, मेलेल्याच्या मानासाठी दफन थांबवता येतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

तिने पोलिसांना फोन लावला. देह इस्पितळात गेला. कब्रस्तानातून बाहेर पडताना तिच्याशी एक माणूस बोलला नाही.

२

मावशी लालबागच्या एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. खाली मंडपात गणपती बसलेला, जिन्यावर माणसांची ये-जा. दाराच्या चौकटीवर उजव्या अंगाला मेझुझा होती. बारीक नळीत पवित्र वचनांची गुंडाळी घालून ज्यू घरांच्या दाराला ठोकतात ती. सवयीने सुचित्राने तिला बोटं लावून ओठांना लावली आणि आत गेली.

पोलीस येऊन एक नजर टाकून गेले होते. सुचित्राने दार आतून लोटलं आणि खाली बसली. कमरेएवढ्या उंचीपासून खाली, हिरव्या रंगावर ओरखडेच ओरखडे. खालचे जास्त खोल. म्हणजे उभी असताना सुरुवात केली आणि पडल्यावरही ती थांबली नव्हती.

आतली कडी वर होती, निघालेली. मावशीने ती काढली होती. नुसतं लॅच होतं, ते आतून एका बोटाने फिरतं. तरी दार उघडलं नाही. याचा अर्थ एकच: बाहेरची कडी कोणीतरी लावली होती.

शब्बाथचा दिवा तसाच टांगलेला होता. काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल, त्यात वात. तेल संपून विझला होता. मोबाइल बंद करून कपाटात. शब्बाथला फोनला हात लावत नाहीत, म्हणून शुक्रवारी दिवा लावण्याआधी मावशी तो तिथे ठेवून कपाटाला कुलूप लावायची.

पण पंप कुठे होता? दम्याचा तो निळा पंप मावशीच्या उशाशी नाहीतर ओट्यावर, हाताला लागेल असाच असायचा. सुचित्राने उशी झटकली, पलंगाखाली वाकून पाहिलं. शेवटी, घरात मृत्यू झाला की आरसे झाकतात म्हणून चादर घेऊन ती स्टुलावर चढली, तेव्हा तिला तो दिसला. पोटमाळ्याच्या कडेवर, जुन्या डब्यांमागे सरकवलेला. पाठीत वाकलेल्या, सुचित्राच्या जेमतेम खांद्याला लागणाऱ्या मावशीचा हात तिथवर सात जन्मांत पोचला नसता.

सुचित्रा स्टुलावरच उभी राहिली. पंप वर ठेवला, बाहेर जाऊन कडी घातली आणि माणूस निघून गेला. खोलीत एक म्हातारी श्वासासाठी तडफडतेय, हे माहीत असलेला माणूस.

शेजारच्या कौसल्यावहिनींनी तिला बळेच चहा दिला. त्या मूळच्या कणकवलीकडच्या, नवरा गिरणीतला. मावशीच्या घराची एक चावी कायम त्यांच्याकडे असे, म्हणून पोलिसांनी पहिला संशय त्यांच्यावरच घेतला होता, आणि त्याचा त्यांना संताप आला होता. चावी असणाऱ्याला कडी घालायची काय गरज, असं त्यांनी हवालदाराला तोंडावर विचारलं होतं.

म्हणजे बाहेरची कडी त्यांनी पाहिली होती. सुचित्राने शांतपणे सगळं काढून घेतलं. शुक्रवारी दुपारी चाळ पाडून टॉवर बांधणाऱ्या बिल्डरचा माणूस हितेंद्र येऊन मावशीशी भांडून गेला होता. मग मेघना डबा देऊन गेली. संध्याकाळी सगळी चाळ आरतीला खाली उतरली. ढोल-ताशे असे की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आरती करून वर आल्यावर कौसल्यावहिनींना मावशीच्या दाराला बाहेरून कडी दिसली, आणि त्यांना वाटलं, गेली असेल आपल्या प्रार्थनेला.

"माका काय ठावक गो, ती आत हा म्हणान," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसायच्या ऐवजी त्यांनी तो तोंडात कोंबला.

शनिवारी सकाळी रूबेन मावशीला प्रार्थनेला न्यायला आला होता, दर शनिवारसारखा. तो हाका मारत होता. मावशी ओ देत नाहीत, तुमच्याकडे चावी आहे ना, जरा आत जाऊन बघा, असं त्याने जिन्याच्या तोंडाशी उभं राहून सांगितलं. कौसल्यावहिनींनी लॅच उघडलं. तेव्हा बाहेरची कडी निघालेली होती.

म्हणजे ती कोणीतरी रात्रीतून किंवा पहाटे काढली होती. आरतीच्या वेळी घालणारा आणि सकाळच्या आत काढणारा माणूस एकच असणार.

३

हितेंद्र हिंदमाताजवळच्या एका ऑफिसात बसायचा. पायऱ्या चढतानाच सुचित्राने ठरवलं होतं की याला सोडायचं नाही. पोलिसांच्या संशयातही तोच वर होता: अख्ख्या चाळीत सही न देणारी मावशी एकटीच, आणि हा सहा फुटी.

पण हितेंद्र तिच्यापेक्षा जास्त चिडलेला निघाला. म्हणाला, तुमची मावशी मला दर वेळी भांडून हाकलायची आणि दर वेळी जाताना हातावर हलव्याचा तुकडा ठेवायची. परवाही ठेवला. तिने सही का दिली नव्हती हे त्याने सांगितलं तेव्हा सुचित्राला नवलच वाटलं. टॉवर नको म्हणून नव्हे. नव्या घरात शेजार कौसल्यावहिनींचाच हवा, असं लिहून द्या म्हणत होती. ते तो आणि त्याचा बिल्डर लिहून देणार होते. शनिवारी सकाळी त्यासाठीच तो आला होता. जिन्यातच आरडाओरड ऐकली आणि धावत आत शिरला. मावशीला उचलून पलंगावर कोणी ठेवलं, असं त्याने सुचित्राला विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, मी. अंग थंड पडलं होतं.

कौसल्यावहिनींना सुचित्राने फोन करून विचारलं. खरं होतं. हितेंद्र पायातल्या बुटांसकट आत धावला होता. मागून मेघना आली, ती अनवाणी.

त्यानंतर पोलीस ठाण्यातून फोन आला. पोस्टमॉर्टेम झालं होतं. मारहाण नाही, विष नाही, गळ्यावर खूण नाही. दम्याने मृत्यू. ओरखडे म्हणाल तर झटक्यात माणूस काहीही करतो. कडीचं म्हणाल तर चाळीत कोणी पोरगंही मस्करीत घालतं. देह ताब्यात घ्या, असं फौजदार म्हणाला.

"आणि पंप पोटमाळ्यावर कोणी ठेवला? त्या पोराने?" सुचित्राने विचारलं.

फौजदाराने सांगितलं की ताई, कोणाचं नाव असेल तर बोला, नाहीतर सणासुदीचा बंदोबस्त आहे.

नाव नव्हतं. तिने फोन ठेवला. ऊन उतरत चाललं होतं.

४

योम किप्पूरला बेने इस्राएल लोक पूर्वीपासून दारफाळणीचा सण म्हणत आले. सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यायचं, पांढरे कपडे घालायचे, दार लावून घ्यायचं. मग दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, जगाशी संबंध नाही. पण त्याआधी एक काम असतं. वर्षभरात ज्याला दुखावलं असेल त्याच्याकडे जाऊन माफी मागायची. माणसाचा अपराध माणसाने माफ केल्याशिवाय देवही करत नाही.

परळच्या त्या छोट्या सिनेगॉगच्या अंगणात लोक एकमेकांना हातबोशी करत होते: दोन्ही हातांत समोरच्याचा हात घ्यायचा आणि मग आपली बोटं ओठांना लावायची. सुचित्रा पांढऱ्या साडीत मधोमध उभी होती. सगळे तिला वळसा घालून जात होते. मेलेल्या बाईला सणाच्या दिवशी शवागारात ठेवणारी म्हणून तिच्याकडे पाहत होते. सॅमसनकाकांनी मान फिरवली.

रूबेन मात्र आला. उंच, गोरा, पांढऱ्या झब्ब्यात. दोन्ही हात पुढे करून म्हणाला की ताई, तुमच्या हातून चूक झाली, पण माझ्या मनात काही नाही.

सुचित्राने आपले हात पदराखाली घेतले. माफी मागायला आला होता की द्यायला? ती बायकांच्या सज्ज्याच्या जिन्याकडे वळली.

तिथे पायरीवर मेघना बसली होती. डोळे सुजलेले. सुचित्रा तिच्याशेजारी बसली आणि तिने तिला शुक्रवारचं विचारलं. मेघना डबा देऊन संध्याकाळच्या आत घरी परतली होती. मावशी ठीक होती, फक्त गप्प होती. उद्या सगळ्यांसमोर एक गोष्ट विचारणार आहे, असं म्हणाली होती. कसली, ते सांगेना. एवढंच बोलली की जुनं सेफेर कुठे पुरलं ते मला पाहायचंय.

सेफेर म्हणजे तोराची, ज्यूंच्या धर्मग्रंथाची, हाताने लिहिलेली गुंडाळी. ती विकायची नसते. अक्षरं पुसून वाचायला निकामी झाली तर माणसासारखी कब्रस्तानात पुरतात. सिनेगॉगचं सगळ्यांत जुनं सेफेर असंच निकामी झालं म्हणून उन्हाळ्यात कमिटीने पुरायला पाठवलं होतं. त्याचं शेवटचं वेष्टन मावशीनेच शिवलं होतं.

"पाठवलं कोणी?" सुचित्राने विचारलं.

"यांनीच," मेघना म्हणाली.

सूर्य अजून दिसत होता. सुचित्रा फाटकाबाहेर आली आणि तिने कब्रस्तानाच्या रखवालदाराला, धोंडूला, फोन लावला. धोंडू म्हणाला की बाई, इथे एकही पोथी पुरलेली नाही. हनाबाईपण गेल्या आठवड्यात हेच विचारून गेल्या. शिवाय उन्हाळ्यात रूबेनसाहेब कोणा परदेशी माणसाला फाटकाबाहेरून कब्रस्तान दाखवत होते, तेव्हा त्या माणसाच्या मोटारीत जरीचं वेष्टन पाहिल्यासारखं त्याला आठवत होतं.

आतून हज्जानचा, प्रार्थना चालवणाऱ्याचा, आवाज आला. सुचित्राने फोन बंद केला. सिनेगॉगचं दार लागलं.

५

ती रात्र आणि तो दिवस सुचित्राने बायकांच्या सज्ज्यात काढला. उपास तिला जड गेला नाही. खाली पांढऱ्या कपड्यांची माणसं छातीवर मुठी मारत पापांची यादी म्हणत होती: आम्ही लुबाडलं, आम्ही खोटं बोललो. त्यांच्यात सगळ्यांत खणखणीत आवाज रूबेनचा होता.

सेफेर त्याने विकलं, हे तिला कळून चुकलं होतं. मावशी भर सभेत विचारणार होती, हेही. पण त्यावरून शुक्रवारी संध्याकाळी तो तिथे होता असं होत नाही. तो सांगत होता की दिवे लागायच्या आत मी घरी होतो. कमिटीत आणखीही माणसं होती, त्यांच्याही अब्रूचा प्रश्न होता. उंच माणसंही काही कमी नव्हती. ती एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा उलटून पाहत होती आणि प्रत्येक वेळी त्याच बंद दाराशी येऊन थांबत होती.

दिवस कलला. नेइला सुरू झाली, सणाची शेवटची प्रार्थना. तिच्यात कोहेन लोकांना आशीर्वाद देतो. खाली रूबेन उठला. त्याने चपला काढल्या. एकाने त्याच्या हातांवर पाणी घातलं. सुचित्रा त्या हातांकडे पाहत होती. किती सांभाळतो हा, तिच्या मनात आलं. साधी शिवाशिव नको, मयताची सावली नको, कब्रस्तानाच्या फाटकात पाऊल नको. रस्त्यापलीकडे...

ती कठड्याला धरून उभी राहिली.

रस्त्यापलीकडे. आणि जिन्याच्या तोंडाशी.

दर शनिवारी मावशीच्या घरात जाऊन सरबत पिणारा हा माणूस त्या शनिवारी आत गेला नव्हता. कौसल्यावहिनींनी चावी लावली तेव्हा तो जिन्यापाशी उभा होता. त्यानंतर आलेला प्रत्येक जण आत धावला, अगदी परका हितेंद्रसुद्धा. हा नाही. आणि तोवर मावशी मेलीय हे कोणालाही ठाऊक नव्हतं.

६

रूबेन हेखालसमोर, म्हणजे सेफेर ठेवायच्या कपाटासमोर, जाऊन उभा राहिला. सिसीत, प्रार्थनेची ती पांढरी शाल, त्याने डोक्यावरून ओढून घेतली. लोकांनी माना खाली घातल्या, कारण आशीर्वाद देणाऱ्या हातांकडे पाहायचं नसतं.

"हात उचलू नकोस, रूबेन."

आवाज सज्ज्यातून आला होता. हज्जान थांबला. माना वर झाल्या. सॅमसनकाकांनी खालून ओरडून सांगितलं की बाई, आजचा दिवस कोणता, जागा कोणती. सुचित्रा म्हणाली की दिवस आणि जागा पाहूनच उभी राहिलेय, मला दोन प्रश्न विचारू द्या, मग हवं तर मला बाहेर काढा.

तिने नखांतला रंग सांगितला, दारावरचे ओरखडे सांगितले, बाहेरची कडी आणि पोटमाळ्यावरचा पंप सांगितला. सेफेर कब्रस्तानात नाही हे सांगितलं तेव्हा खाली कुजबुज उठली.

"आता सांग," सुचित्रा म्हणाली. "शनिवारी सकाळी मावशीच्या घरात तू का गेला नाहीस?"

रूबेनने शाल मागे सारली. त्याचा चेहरा शांत होता. तो म्हणाला की मावशींनी ओ दिली नाही, माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी कोहेन आहे. आत मयत असेल तर मला जाता येत नाही, हे इथे लहान पोरालाही माहीत आहे.

काहींनी माना डोलावल्या. सुचित्राला जे हवं होतं ते त्याने स्वतःच्या तोंडाने दिलं होतं.

"शंका होती," ती म्हणाली. "म्हणजे ती जिवंत असण्याचीही शंका होती. दम्याची म्हातारी, बेशुद्ध पडली असेल, धुगधुगी असेल. काका, जीव वाचण्याची शक्यता असेल तर कोहेनाने काय करायचं?"

सॅमसनकाका काठीवर भार देत उठले. "धावत आत जायचं. जिवापुढे शब्बाथ नाही, शुद्धी नाही, काही नाही. थांबणाऱ्याच्या माथी त्या जिवाचं रक्त."

"हे रूबेनला ठाऊक नाही का? आपल्या सगळ्यांत जास्त त्यालाच ठाऊक आहे. तो नियम मोडणारा माणूसच नाही. शंका असती तर तो आत धावला असता. तो थांबला, कारण त्याला शंका नव्हती, खात्री होती. आत मयत आहे हे त्या सकाळी फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं: आदल्या संध्याकाळी ज्याने पंप वर ठेवून दाराला कडी घातली त्याला."

रूबेन म्हणाला की शुक्रवारी दिवे लागायच्या आत मी घरी होतो, माझ्या बायकोला विचारा.

मेघना सुचित्राच्या शेजारी बसली होती. ती उठली. पांढरी साडी सावरत सज्ज्याचा जिना उतरली आणि पुरुषांच्या भागात, जिथे बायका जात नाहीत, थेट त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"दिवे मी एकटीने लावले," ती म्हणाली. "द्राक्षरसाच्या पेल्यावरचा किद्दूशही मीच म्हटला. तुम्ही आलात तेव्हा जेवण थंड झालं होतं. तुम्ही म्हणालात, मिरवणुकीत अडकलो."

रूबेनने तिच्याकडे पाहिलं नाही. बाहेर उजेड सरत चालला होता, आणि सूर्य मावळल्यावर हा आशीर्वाद देता येत नाही. हज्जान त्याच्यासाठी थांबला होता. सगळी सभा थांबली होती.

"ज्या कोहेनच्या हातून माणूस गेला त्याने हात उचलायचे नाहीत," सुचित्रा म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता. "हाही नियमच आहे. मी खोटी असेन तर उचल. आम्ही सगळे मान खाली घालतो."

आणि तिने खरोखरच मान खाली घातली. एकामागून एक सगळ्यांनी घातल्या.

मग कापडाची सळसळ झाली. सुचित्राने पाहिलं, तेव्हा रूबेन पायरीवर बसला होता. हात मांडीवर पडलेले.

तो बोलला ते पुढच्या दोन ओळींतल्यांना आणि वर कठड्याशी वाकलेल्या सुचित्रालाच ऐकू आलं. मावशी ऐकायलाच तयार नव्हती. उद्या सभेत बोलेन म्हणाली. बोलता बोलता तिचा श्वास अडकायला लागला. पंपाकडे तिचा हात गेला, त्याआधी याचा गेला. "मला फक्त ती शनिवारी येऊ नये असं वाटत होतं," तो म्हणाला. "सकाळी कडी काढली, हाक मारली. ओ आली नाही."

"आणि मग पाय बाटू नये म्हणून बाहेर उभा राहिलास," सुचित्रा वरून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते रागाचं होतं. "पोथी विकताना बाटला नाहीस, म्हातारीचा श्वास कोंडताना बाटला नाहीस. उंबऱ्याशी तेवढा धर्म आठवला."

त्या वर्षी परळच्या सिनेगॉगमध्ये आशीर्वाद झाला नाही. तारे दिसल्यावर शोफारचं शिंग फुंकलं गेलं, दार उघडलं, आणि सुचित्राने दारातच उभं राहून फौजदाराला नाव सांगितलं.

७

सणानंतरचा दिवस म्हणजे शिळा सण. लोक एकमेकांकडे जातात, गरिबाला देतात. त्या मंगळवारी मात्र सगळे कब्रस्तानात होते.

रूबेनला पोलिसांनी रात्रीच नेलं होतं. सभेत तो बोलला होता ते ठाण्यात त्याने फिरवलं. वकिलाने तसंच सांगितलं असणार. पण मेघनाने जबाब दिला होता, कौसल्यावहिनींनी दिला होता, आणि पोटमाळ्यावरचा पंप पोलिसांनी आता पिशवीत घालून नेला होता. कोर्टात किती टिकेल याची खात्री फौजदार देईना. सेफेर कुठल्या देशात गेलं याचा तर पत्ताच नव्हता.

सुचित्राने मावशीला पुन्हा न्हाऊ घातलं. इस्पितळाने घातलेल्या टाक्यांवरून पाणी हळू ओतलं, पांढरं कफन चढवलं. या वेळी मदतीला दोन बायका आपणहून आल्या. मेघनाने ब्लाउजाचा गळा दुखवट्याच्या रीतीप्रमाणे फाडला. भाचीने फाडायलाच हवा असं नाही, असं कोणीतरी हळूच म्हणालं. तिने तो आणखी फाडला.

कौसल्यावहिनी आणि हितेंद्रही आले होते, डोक्यावर रुमाल टाकून मागे उभे होते. देह खाली उतरला. माती पडायच्या आधी मेलेल्या माणसाची माफी मागायची असते, कोणाकडून काही राहून गेलं असेल म्हणून. त्या वेळी सॅमसनकाका गर्दीतून वाट काढत सुचित्रासमोर आले. त्यांनी हातबोशीसाठी दोन्ही हात पुढे केले. पोरी, मी तुला बोललो, असं काहीतरी ते पुटपुटले.

सुचित्राने त्या हातांकडे पाहिलं. परवा अंगणात ते तिच्यासाठी पुढे आले नव्हते. त्या दफनाची सगळ्यांना एवढी घाई होती की मावशीच्या नखांकडे बघायला कोणाला वेळ नव्हता.

"माझं राहू द्या, काका," ती म्हणाली. "आधी तिला विचारा."

सॅमसनकाका वळले. एका हाताने काठी धरून ते कबरीच्या काठाशी मोठ्या कष्टाने गुडघ्यावर बसले आणि खाली पांढऱ्या कफनाकडे बघत मावशीचं नाव घेऊन बोलू लागले. त्यांच्यामागे बाकीचे एकेक करून खाली बसले.

सुचित्रा उभीच राहिली. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत ती थांबली, आणि मग तिने मातीत रोवलेलं फावडं उपसलं.